शेपूट नसलेला विंचू

मराठवाड्यात विंचवाला कोणी हलक्यात घेत नाही. कडब्याची पेंढी ओढताना, गोवऱ्या काढताना, अंगणातला दगड सरकवताना आधी काठीने हलवून बघायचं, हे परभणीकडच्या खेड्यातलं लेकरू शाळेत जायच्या आधी शिकतं. त्यामुळे दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यातून दोन नांग्या पसरून एखादा तपकिरी जीव बाहेर आला, की त्याचा निकाल ठरलेला. नांग्या आहेत म्हणजे विंचू, एवढासा आहे म्हणजे विंचवाचं पिल्लू, आणि पिल्लू आहे म्हणजे आई इथंच कुठंतरी असणार! मग चपलेचा एक फटका बसतो आणि अख्खं कपाट अंगणात येतं.

मेला तो बहुतेक वेळा विंचू नसतो. त्याला शास्त्रीय लेखनात छद्मविंचू म्हणतात, साध्या बोलण्यात खोटा विंचू म्हटलं तरी चालेल. कोळी, गोचीड, विंचू ही सगळी आठ पायांची मंडळी ज्या अष्टपाद वर्गात मोडतात, त्यातच याचाही स्वतंत्र गण आहे. जगात त्याच्या चार हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. बहुतेकांची लांबी दोन ते आठ मिलिमीटर, म्हणजे अनेक जाती ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. सर्वांत मोठी जात अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावर राहते आणि ती जेमतेम बारा मिलिमीटर भरते.

ओळखायची खूण एकच आणि ती अगदी सोपी आहे: मागचं टोक बघा. खऱ्या विंचवाला शेपूट असते. कालच जन्मलेलं पांढुरकं पिल्लू असलं तरी ती असतेच, आणि तिच्या टोकाला नांगी म्हणजे डंखही असतो. खोट्या विंचवाचं अंग मागे गोलसर होऊन संपतं. चपटं, वलयावलयांचं पोट, आठ पाय, आणि पुढे अंगाच्या मानाने भल्यामोठ्या वाटाव्यात अशा दोन पकडी. शेपूट नाही, म्हणून डंख नाही. (आपल्याकडे नांगी हा शब्द पुढच्या पकडीलाही वापरतात आणि मागच्या डंखालाही, म्हणून यापुढे मी पुढच्या अवयवांना पकडच म्हणतो.)

विंचवाची धास्ती खोटी आहे असं मात्र कोणी समजू नये. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. त्याच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त औषधाने रोगी कसा वाचतो, हे जगाला दाखवून दिलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. काम केलं कोकणात, महाडला. पण माणूस परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा शेपूट दिसली तर सावध व्हा, आणि विंचू चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठा. माझं म्हणणं फक्त शेपूट नसलेल्याबद्दल आहे.

तो चालतो कसा, हे एकदा निवांत बघण्यासारखं आहे. पांढऱ्या कागदावर सोडला की दोन्ही पकडी पुढे धरून, आंधळ्याने काठीने वाट चाचपावी तसा सावकाश पुढे सरकतो. पुढून काडीने हलकेच शिवलं की पकडी झटकन अंगाशी घेतो आणि त्याच क्षणी मागे पळतो. हे मागे पळणं पुढे चालण्यापेक्षा कितीतरी वेगवान असतं. सालीच्या फटीत किंवा दोन पानांच्या मध्ये राहणाऱ्या जिवाला वळायला जागा नसते, त्याला उलटं पळता येणं भागच आहे.

नजर त्याची बेताचीच. जातीप्रमाणे चार डोळे, दोन डोळे किंवा मुळीच नाहीत. खरं काम करतात ते पकडीवरचे केस. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पकडीकडे पाहिलं, तर तिच्या बोटांवर उभे राहिलेले लांब, अत्यंत नाजूक केस दिसतात. हवा किंचित हलली तरी ते हलतात, आणि जवळून काय गेलं, कुठून गेलं, हे त्याला कळतं. पूर्ण वाढलेल्या जिवाच्या प्रत्येक पकडीवर साधारणपणे असे बारा केस असतात: न हलणाऱ्या बोटावर आठ, हलणाऱ्यावर चार. गंमत अशी, की जन्मतः एवढे नसतात. पहिल्या अवस्थेतल्या पिल्लाला न हलणाऱ्या बोटावर तीन आणि हलणाऱ्यावर एक. पुढे ते तीनदा कात टाकतं आणि दर वेळी केस वाढत जातात: सहा आणि दोन, सात आणि तीन, शेवटी आठ आणि चार. त्यामुळे अभ्यासक पकडीवरचे केस मोजून त्याची अवस्था सांगतात, आणि ते केस बोटावर नेमके कुठे आहेत यावरून जात ओळखतात. बैलाचे दात बघून वय सांगणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही.

शिकारही पकडीनेच होते. बऱ्याच कुळांत विषाची ग्रंथी पकडीच्या बोटांतच असते. कुठे एका बोटात, कुठे दोन्हींत; काही कुळांत विष नसतंच, सगळा भार पकडीच्या जोरावर. भक्ष्य म्हणजे बारीक कीटक, त्यांच्या अळ्या, धुळीतले माइट, पुस्तकातल्या उवा. ते पकडायचं, बधिर करायचं, जबड्याने फाडायचं, त्यात पाचक रस सोडायचा आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं. जेवण झालं की जबड्यावरच्या कंगव्यासारख्या दात्यांनी पकडी साफ करायच्या. हे विष माणसाला काही करत नाही. एवढीशी पकड आपल्या कातडीत शिरणार तरी कशी?

याच्या शरीरातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. कोळी पोटाच्या मागच्या टोकातून धागा काढतो, हा तोंडातून काढतो. जबड्याच्या हलणाऱ्या बोटाच्या टोकाला रेशमाचं तोटीसारखं टोक असतं. कात टाकायची वेळ आली, थंडी काढायची असली किंवा मादीला अंडी सांभाळायची असली, की तो आडोशाची जागा धरतो. आसपासचे मातीचे, लाकडाच्या भुशाचे कण जबड्याने उचलून आपल्याभोवती गोल रचतो, रेशमाने ते एकमेकांना चिकटवतो, वर घुमटासारखं छत आणतो आणि शेवटी आतून सगळीकडे रेशमाचं अस्तर देतो. बाहेरून बघणाऱ्याला ती मातीची एखादी ढेकळी वाटते. आत मऊ, कोरडी, बंद खोली. कात टाकलेला जीव काही काळ मऊ आणि दुबळा असतो, तेव्हा मुंगीपासून वाचवते ती हीच खोली.

मादी अंडी कुठे टाकून देत नाही. पोटाखाली चिकटलेल्या पिशवीत ती वागवते, आणि आतले गर्भ आईच्या शरीरातून येणारा पोषक द्रव शोषून वाढतात. एवढ्या लहान जिवात हा प्रकार म्हणजे कमालच. ब्राझीलमध्ये झाडाच्या सालीखाली कळपाने राहणारी एक जात आहे, पॅराटेम्नॉइडिस निडिफिकेटर. ही मंडळी एकत्र शिकार करून आपल्यापेक्षा मोठा किडा आडवा पाडतात. खायला काहीच उरलं नाही तर आई बाहेर येऊन स्वतःच पिल्लांच्या तोंडी जाते. 2005 मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

पंख नाहीत, पाय तोकडे, मग एका उकिरड्यावरून दुसऱ्या उकिरड्यावर हा पोचतो कसा? फुकट प्रवास करून. उकिरड्यावर, शेणखतात राहणाऱ्या काही जाती माशीचा पाय पकडीत धरतात आणि माशी नेईल तिकडे जातात. गोठ्यातल्या माशीच्या पायाला काहीतरी लोंबताना दिसलं तर लोक गोचीड समजतात. पण तो माशीचं रक्त पीत नाही, तिला खातही नाही. नवीन ढीग आला की पकड सोडतो. असा प्रवास करणाऱ्यांत बहुतेक माद्याच असतात, आणि त्याला कारणही आहे: फळलेली एक मादी नव्या ठिकाणी पोचली की वसाहत सुरू होते. हा धंदा जुना आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे दगड झालेल्या राळेत, गांधीलमाशीच्या जातकुळीतला एक कीटक आणि त्याला धरून बसलेला छद्मविंचू असे दोघे तसेच अडकलेले सापडले आहेत.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तर या प्रवासाला भलतंच वळण लागलंय. तिथे हार्लेक्विन नावाचा, लांबच लांब पुढचे पाय असलेला मोठा भुंगेरा असतो. कुजणाऱ्या झाडांवर जन्मलेले कॉर्डिलोकर्नेस जातीचे खोटे विंचू त्याच्या पंखांखाली, पोटावर चढतात. डेव्हिड आणि जीन झे या संशोधक दांपत्याने पनामामध्ये अभ्यास करून 1992 मध्ये दाखवलं, की थोराड नर या भुंगेऱ्याच्या पाठीवर ताबा मिळवण्यासाठी आपसात झुंजतात. जिंकलेला नर इतर नरांना खाली ढकलतो आणि वाटेत चढणाऱ्या माद्यांशी तिथेच जुळवून घेतो. एसटीच्या मागच्या सीटवरून होणारी भांडणं आठवली, तरी ही त्यापेक्षा गंभीर आहेत. इथे पुढची पिढी पणाला लागलेली असते.

आपल्या मुलखात त्याला शोधायचं कुठे? सैल झालेल्या सालीखाली. जुन्या चिंचेची, आंब्याची, बाभळीची साल जिथे उचकटलेली असते तिथे. दगडाखाली, पाचोळ्यात, पक्ष्यांच्या घरट्यात, कडब्याच्या गंजीच्या तळाशी. मराठवाड्याची हवा कोरडी म्हणून तो इथे नसेल असं वाटण्याचं कारण नाही. ओल्पिइडी नावाच्या कुळातल्या कितीतरी जाती कोरड्या, तापणाऱ्या प्रदेशांतच रमतात. आणि घरात म्हणाल तर पुस्तकं आणि धान्य या दोन जागा.

पुस्तकातल्या खोट्या विंचवाची नोंद फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवर लिहिताना पुस्तकांत सापडणाऱ्या, विंचवासारख्या पण शेपूट नसलेल्या लहानशा जिवाचा उल्लेख केला. पुढे इंग्लंडात रॉबर्ट हूक वाचत बसला असता हाच प्राणी त्याच्या पुस्तकावरून चालत गेला. हूकने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि 1665 च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात खेकड्यासारखा किडा म्हणून त्याचं वर्णन केलं. पेशीला ज्याने इंग्रजी नाव दिलं तोच हा हूक, तोच हा ग्रंथ. पुस्तकात हा येतो तो कागद खायला नव्हे. पावसाळ्यात दमट झालेल्या कागदावर बुरशी चढते, बांधणीतली खळ ओलसर होते. ते खायला पुस्तकातल्या उवा येतात, आणि त्यांच्या मागावर हा. तो पोथीत दिसला म्हणजे पोथीला ओल लागली आहे, एवढा अर्थ घ्यावा. घरात, गोठ्यात, कोठारात जगभर आढळणाऱ्या जातीचं नाव चेलिफर कँक्रॉइडिस. 1758 मध्ये लिनियसने तिची नोंद केली.

धान्याचं तसंच. विथियस पायगर ही जात जगभरच्या धान्यकोठारांत आणि पिठाच्या गिरण्यांत सापडलेली आहे, आणि तिथल्या किड्यांवर जगते. परभणीसारख्या ज्वारीच्या जिल्ह्यात ही गोष्ट कानावर घालण्याजोगी आहे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) ‘परभणी मोती’ आणि लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ असे ज्वारीचे वाण दिले. ज्वारी पिकवण्याइतकंच ती वर्षभर टिकवणंही अवघड असतं. जुन्या काळी काळ्या मातीच्या या मुलखात ज्वारी पेवात ठेवत. पेव बंद केलं की दाण्यांच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो. मग किडाही जगत नाही आणि किडा खाणाराही. उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूससुद्धा गुदमरून मेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून पेवात खोटा विंचू शोधू नये. कणगी, कोठी, पोत्यांची थप्पी या त्याच्या जागा.

मग याला पाळून सोंडकिड्यांचा बंदोबस्त होईल का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण मित्रकीटक हा शब्द रुळल्यापासून प्रत्येक किडा खाणाऱ्याला लोक शेताचा तारणहार करून टाकतात. खोटा विंचू सावकाश वाढतो. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला एक-दोन वर्षं लागू शकतात. सोंडकिड्याच्या तेवढ्या काळात कितीतरी पिढ्या होतात. त्यात कडक कवचाचा सोंडकिडा याच्या आवाक्यातला नव्हे. माइट, उवा, लहान अळ्या हे त्याचं खाद्य. कडक उन्हात नीट वाळवलेलं धान्य आणि कोरडी कोठी यांना पर्याय नाही. खोटा विंचू फार तर वरकामाला येणाऱ्या माणसाएवढा उपयोगी. पण हा गडी पगार मागत नाही आणि धान्यातला एक दाणाही खात नाही, एवढं त्याच्या बाजूने नक्की बोलता येईल. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या दमट हवेशी संयोग होऊन फॉस्फिन वायू सोडतात, तो किडा आणि खोटा विंचू यांत फरक करत नाही, आणि माणसातही करत नाही. राहत्या घरात त्या गोळ्या ठेवूच नयेत.

मधमाश्यांच्या बाबतीत त्याच्याकडून थोडी जास्त आशा लोकांनी लावली आहे. आपल्या सातेरी मधमाशीच्या पोळ्यात राहणारी एक खास भारतीय जात आहे, एलिंग्सेनियस इंडिकस. अमेरिकन अभ्यासक जोसेफ चेंबरलिन यांनी 1932 मध्ये तिचं वर्णन केलं. मधमाश्यांच्या अंगावरचा व्हरोआ हा माइट जगभरच्या मधपालांची डोकेदुखी आहे, आणि तो मुळात सातेरीच्याच जातीवरून युरोपियन मधमाशीवर गेला. 2005 मध्ये न्यूझीलंडच्या बॅरी डोनोव्हन आणि फ्लोरा पॉल यांनी लेख लिहून, पोळ्यातल्या या विसरलेल्या साथीदाराकडे मधपालांचं लक्ष वेधलं. पुढे 2015 मध्ये तिथल्याच संशोधकांनी पेटीतल्या छद्मविंचवांच्या पोटात व्हरोआचा डीएनए सापडल्याचं सिद्ध केलं. खातो हे खरं. खाऊन पेटी वाचवतो का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ‘होय’ असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. पोकळ झाडाच्या ढोलीत त्याला लपायला शंभर फटी असतात, रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडी पेटीत एकही नाही, ही अडचण आहेच.

वयाचा हिशेब केला तर हा प्राणी आपल्या जमिनीपेक्षा जुना निघतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ इथे सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात छद्मविंचवाचे अवशेष मिळाले, आणि त्यांच्यात आजच्या पकडी ओळखू येतात. परभणीची काळी माती ज्या बेसॉल्टची झाली, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. डायनासोर आले आणि गेले तेव्हाही हा सालीखाली होता.

भारतातल्या जातींवर काम झालंय, पण करणारे मोजके. डेन्मार्कच्या कार्ल विथ यांनी 1906 मध्ये भारतीय छद्मविंचवांवर मोठा निबंध लिहिला. व्ही. ए. मूर्ती आणि टी. एन. अनंतकृष्णन यांचा ‘इंडियन केलोनेथी’ हा ग्रंथ 1977 चा. अलीकडे केरळमधल्या तरुण अभ्यासकांनी पुन्हा जोर धरला आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनाही यात उतरता येईल, कारण त्याला लागणारं सामान घरातलंच आहे.

इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी 1905 मध्ये पाचोळ्यातले जीव वेगळे करायची नरसाळ्याची युक्ती काढली. शाळेत ती अशी करता येते. पाण्याची मोठी बाटली आडवी कापा, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा, त्यात तारेची जाळी ठेवा आणि जाळीवर ओलसर पाचोळा. वर पिवळा प्रकाश देणारा जुना चाळीस वॅटचा दिवा लावा. एलईडी उपयोगाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. वरून पाचोळा वाळत गेला की आतले जीव ओलाव्याच्या दिशेने खाली सरकतात आणि दोन-तीन दिवसांत तळाशी पडतात. परभणीच्या एप्रिलमध्ये दिव्याशिवायही पाचोळा वाळेल, पण बाटली थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका; खाली उतरण्याआधीच सगळे मरतील. पाऊस पडून गेल्यावरचा, वडाखालचा किंवा आंब्याखालचा पाचोळा घेतला तर चांगलं.

घरात दिसला तर एवढं करा: आधी शेपूट बघा. नसेल तर पोस्टकार्डावर घेऊन अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी सोडा, आणि ज्या कपाटात सापडला त्याची ओल काढा. फोटो काढायचाच तर शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर आकार कळत नाही. महाविद्यालयातल्या कोणाला अभ्यासासाठी नमुना ठेवायचा असेल तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. ओळख पटवायला पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. बाटलीत गाव, तालुका, तारीख आणि झाडाचं नाव लिहिलेली चिठ्ठी मात्र जरूर टाका, आणि ती पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.